उभ्यानं केलेली सही

वलांडीकर सर उभ्यानं कधी काही वाचत नसत. लग्नाची पत्रिका हातात दिली तरी आधी बसायला जागा शोधायचे. लातूरच्या बसस्टँडवर एकदा कुणीतरी त्यांच्या हातात कसलंसं पत्रक कोंबलं. हा माणूस तिथंच एका भरल्या पोत्यावर टेकला, पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मगच उठला. पोतं कुणाचं होतं देव जाणे. तोवर आमची उदगीरची गाडी निघून गेली होती. मी कुरकुरलो तर म्हणाले, "गाडी दुसरी येती. कागद दुसरा येत न्हाई." ते पत्रक मूळव्याधीच्या औषधाचं होतं.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच एका कागदावरून झाली. मी देगलूरहून लातूरच्या कॉलेजात शिकायला आलो होतो आणि प्रवेशाच्या अर्जावर इतिहासाच्या प्राध्यापकांची सही हवी होती. कपाळावर भस्माची आडवी रेघ, अंगात चुरगळलेला पांढरा शर्ट, असे एक गृहस्थ व्हरांड्यातून चालले होते. मी अर्ज पुढं केला. ते पायरीवर बसले. मागे छापलेल्या सूचनांसकट सगळा अर्ज वाचून झाला, मग त्यांनी तो उन्हाकडं धरला.

"वडील कुठं असतेत?"

"देगलूरला, सर."

"काल इथं आलते का?"

"न्हाई."

"मंग त्यांच्या सहीची शाई अन् तुझ्या नावाची शाई एकच कशी रे? पेन पोष्टानं पाठवला व्हता का?"

वडिलांची सही मीच ठोकली होती. माझं तोंड एवढंसं झालं. त्यांनी ना प्राचार्यांना सांगितलं, ना आवाज चढवला. अर्ज परत दिला आणि म्हणाले, "जा, सही घेऊन ये. मी वाट बघून राहिलो." एका सहीसाठी मी देगलूरला जाऊन आलो. त्या दिवसापासून मी त्यांचा 'देगलूर' झालो. विद्यार्थ्यांना ते गावाच्या नावानंच हाका मारत. "ए बिलोली, खिडकी लाव." "लोहा कुठं गेला आज?" वर्गात दोन बिलोलीकर असले तर एक थोरली बिलोली आणि एक धाकटी.

सरांचा खरा संसार होता तो बस्त्यांचा. लातूर जिल्हा नवा वेगळा झाला, तेव्हा सर नुकतेच नोकरीला लागलेले होते. गावभर पेढे, फटाके, बँड. नवा कलेक्टर आला, नव्या पाट्या आल्या, आणि त्यांच्या मागून जुन्या जिल्ह्यातले वाटणीचे कागद ट्रकनं आले. मराठी कागदांना कपाटं मिळाली. निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडी कागद मात्र कुणाला वाचता येत नव्हते, म्हणून लाल रुमालात बांधलेले त्यांचे गठ्ठे, म्हणजेच हे बस्ते, एका कचेरीच्या व्हरांड्यात पडून राहिले. पावसाळा तोंडावर आला होता. सरांनी रीतसर अर्ज केला, परवानगी मिळवली आणि सायकलवरून एकेक बस्ता आपल्या कॉलेजात नेला. कॅरिअरला एक बांधायचा, दुसरा हँडलला. जिल्हा मिळाल्याच्या आनंदात सगळे पेढे खात होते आणि हा माणूस कागद वाहत होता. उर्दू ते उदगीरच्या एका म्हाताऱ्या मुन्शींकडं बसून शिकले, त्या बदल्यात मुन्शींची पत्रं लिहून द्यायचे.

बस्ता उघडण्याचाही त्यांचा एक रिवाज होता. चपला बाहेर. हात धुवून, पुसून, कोरडे करून. सतरंजीवर मांडी घालायची, रुमालाची गाठ दातानं नाही, बोटानं सोडायची. आतला वाळलेला कडुनिंबाचा पाला झटकून ताजा घालायचा. आमच्यातला कुणी उभ्यानं वाकून बघायला लागला की ते हात आडवा धरायचे. "बस खाली. उभ्या माणसाला कागद काई सांगत न्हाई." आणि कुणी वर्गात आजोबांच्या तोंडून ऐकलेली रझाकाराच्या वेळची गोष्ट सांगितली, तर ती पुरती ऐकून घ्यायचे, डोळेही पुसायचे आणि मग म्हणायचे, "आठवण लई गोड असती, लेकरा. पन पुरावा न्हाई. कागद आण." त्या वयात हे आम्हाला फार निर्दयी वाटायचं.

रविवारी खेड्यापाड्यांतून माणसं यायची. कुणाला इनामाचा कागद हवा असे, कुणाला पणजोबाचं नाव. त्यांतलेच एक शिवलिंगअप्पा गुरुजी, निलंग्याकडच्या एका खेड्यातले शाळामास्तर. त्यांच्या गावात एक बारव होती म्हणे, पायऱ्यांची, दगडी. पुढं ती गाळानं बुजली आणि लोक तिला विसरले. सरांनी दोन रविवार खपून एक उर्दू कागद काढला. त्यात त्या गावची बावली, म्हणजे हीच बारव, तिची जागा, आणि ती सगळ्या रयतेच्या पाण्यासाठी असल्याची नोंद होती, खाली शिक्का. सरांनी वाचून दाखवलं तेव्हा गुरुजींनी त्या कागदाला हात जोडले. मी म्हटलं, "गुरुजी, झेरॉक्स काढून घ्या." तर ते म्हणाले, "कशाला? सरापाशी हाय म्हंजे गावापाशीच हाय." सरांनी आपल्या सवयीनं त्या कागदाचं एक टिपण कार्डावर लिहून ठेवलं आणि बस्ता बांधला.

पुढं नांदेड-लातूर रस्त्यावर, लोह्याच्या अलीकडच्या माळावरच्या विद्यापीठात सर इतिहासाचे विभागप्रमुख म्हणून आले. बस्ते त्यांच्यासोबत आले आणि त्यांना तळमजल्यावर एक खोली मिळाली. मी तोवर त्याच विद्यापीठात कारकून झालो होतो. इतिहासात एम. ए. करून मी कारकून झालो याचं सरांना वाईट वाटायचं, पण ते म्हणायचे, "असू दे. कारकून होते म्हणून तर आपल्याला बस्ते मिळाले."

मग एक दिवस सर कुलगुरू झाले. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, सरांच्या तर मुळीच नव्हतं. दोन मोठ्या गटांचं आपसांत जमेना, तेव्हा कुणाच्याच नसलेल्या माणसाच्या गळ्यात माळ पडली. सरांनी मला स्वीय सहायक म्हणून मागून घेतलं. "देगलूर, ही खुर्ची लई उंच हाय रे," पहिल्या दिवशी ते म्हणाले, "पाय टेकत न्हाईत." आम्ही दोघंही हसलो.

पहिला महिना त्यांनी प्रत्येक फाईल वाचली. कोचावर मांडी घालून, पहिल्या पानापासून. त्यामुळं व्हायचं तेच झालं. टेबलावर फायलींचा डोंगर, निकाल अडकलेले, बाहेर माणसं ताटकळलेली. कुलसचिव मला रोज झापायचे. शेवटी मी एक युक्ती काढली, जी प्रत्येक मोठ्या साहेबाचा माणूस काढतो. फाईल मी वाचायची, सोबतच्या याद्या आणि तक्ते घडी घालून मागं सारायचे, सहीचं पान वर आणायचं, आणि सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवायची. सरांना हे रुचलं नाही. पण एका माणसानं किती वाचायचं? हळूहळू ते मला फक्त एवढंच विचारायला लागले, "तू वाचलंस न्हवं?" मी म्हणायचो, "हाव सर." आणि सही व्हायची. फायली पळायला लागल्या. कुलसचिव माझ्या पाठीवर थाप मारून गेले, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटला.

तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. आधीच्या वर्षीही पाऊस नव्हता. या वर्षी विद्यापीठाच्या दोन्ही विहिरी तळाला गेल्या. टँकर आला की वसतिगृहाची मुलं-मुली बादल्या घेऊन धावायची. नियमाप्रमाणं सुट्टीत वसतिगृह रिकामं करायचं असतं. सर एका संध्याकाळी मुलांत जाऊन बसून आले. "देगलूर, या लेकरांच्या गावात प्यायला पानी न्हाई, अन् आपण त्यांला घरी जा म्हणून राहिलो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला की दुष्काळी गावांतली मुलं, वसतिगृहातली आणि बाहेरचीही, इथंच राहतील, इथंच जेवतील, आणि जिथं जिथं खोल्या अडकल्या आहेत त्या मोकळ्या करा. कुलगुरू म्हणून त्यांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम हेच, असं मी आजही म्हणेन.

खोल्या मोकळ्या करायच्या तर आतलं सामान कुठं टाकायचं? भांडार विभागानं फाईल केली. मोडके बाक, बिनकामाची कपाटं, मुदत संपलेल्या उत्तरपत्रिका. उत्तरपत्रिका तर दरवर्षीच कागदाच्या गिरणीला लगद्यासाठी जायच्या. सर लातूरला टंचाईच्या बैठकीला निघाले होते, गाडी सुरू होती. मी फाईल घेऊन धावलो, कारण ट्रक दारात उभा होता आणि मुलं गाद्या घेऊन उभी होती. सरांनी गाडीच्या बॉनेटवर फाईल ठेवली.

"काय हाय?"

"खोल्या रिकाम्या करायचं, सर."

"तू वाचलंस न्हवं?"

"हाव सर."

त्यांनी उभ्यानं सही केली. मी वरची टिप्पणी तेवढी वाचली होती. मागची लांबलचक यादी भांडारवाल्यांनी तीन घड्या घालून टाचलेली होती, ती मी उघडली नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी शिवलिंगअप्पा गुरुजी आले. आता काठी टेकत चालत होते. गावात टँकर आठवड्यातून एकदा, तोही अर्ध्या गावाला पुरायचा नाही. बारव उपसायचं गावानं ठरवलं होतं, मशीन द्यायला कलेक्टर कचेरी तयार होती. पण त्या जागेलगत एकाचं सोयाबीनचं गोदाम उभं राहिलं होतं आणि ती जागा आपली खासगी आहे, असं तो म्हणत होता. "वाईट माणूस न्हाई तो," गुरुजी म्हणाले. "म्हणतो, सरकारी असल्याचा कागद दाखवा, माझ्या हातानं पत्रे काढतो. म्हणून आलो, सर. आपला कागद तेवढा द्या."

कित्येक महिन्यांत सरांना कुणी इतिहासाचा प्रश्न विचारला नव्हता. त्यांचा चेहरा खुलला. शिपायाला न पाठवता ते स्वतः ड्रॉवरमधली किल्ली घेऊन निघाले. जिना उतरताना गुरुजींना सांगत होते, "बस्ता सतरावा. मला अजून ध्यानात हाय, खालच्या फळीवर, भिताडाच्या बाजूला."

किल्लीची गरज पडली नाही. दार उघडं होतं. आत चार खाटा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात पाण्याचा माठ. मुलं धडपडून उठली आणि सरांच्या पाया पडली. त्यांतला एक म्हणाला, "सर, तुमच्यामुळं राहिलो, न्हाईतर परीक्षेचा अभ्यास बुडाला असता." सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडं बघत विचारलं, "इथं बस्ते व्हते, बाळ?"

"आम्ही आलो तवा खोली रिकामीच व्हती, सर."

सर फाईल आणायला म्हणाले. मी आणली. ते त्याच खोलीबाहेर, व्हरांड्याच्या फरशीवर मांडी घालून बसले. टिप्पणी वाचली. मग यादी उलगडली, घडीवरून अंगठा फिरवला, आणि पहिल्या नगापासून वाचायला लागले. शेवटच्या घडीत, अगदी खाली, एक ओळ होती. 'इतिहास विभाग, जुने कापडी गठ्ठे, निरुपयोगी.' गुरुजी काठीवर रेलून उभे होते. मी सरांच्या मागं उभा होतो आणि मला वाटत होतं, आता ते मान वळवतील, आता विचारतील. त्यांनी वर बघितलंच नाही. म्हणाले, "सही माझीच हाय."

मी बोलायला पाहिजे होतं. मी खाली वाकून फाईल गोळा केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गिरणीवर गेलो, देगलूरच्या पुढं, तेलंगणात. तिथल्या मुकादमाला आमची मराठी थोडी कळत होती, आम्हाला त्याची तेलुगू थोडी. त्यानं हौदाकडं बोट दाखवलं. उत्तरपत्रिकांसोबत सगळं भिजलं होतं, ढवळलं गेलं होतं. गुडघ्याएवढा करडा लगदा. त्यात कोणतं गाव होतं, कोणाची बावली होती, कुणी सांगायचं? सर काठावर बसले. उभे नाही राहिले, बसले. बराच वेळ. मग मुकादमाला आमची दया आली असावी. तो आत गेला आणि एक लाल कापड घेऊन आला. गठ्ठ्यांवरची कापडं त्यांनी मशीन पुसायला काढून ठेवली होती. सरांनी तो रुमाल घेतला, त्यावरचं ऑईल चोळून बघितलं, चार घड्या घातल्या आणि मांडीवर ठेवला. परतीच्या रस्त्यात एकदाच म्हणाले, "अय्यो शिवा."

कार्ड मात्र शिल्लक होतं. सरांच्या घरच्या लाकडी पेटीत, त्यांच्या अक्षरातलं. ते घेऊन सर गुरुजींसोबत तहसीलला गेले. कुलगुरू आले म्हणून सगळी कचेरी उभी राहिली, चहा आला. तहसीलदार तरुण होते, नम्र होते. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं.

"सर, हे तुमच्या हातचं आहे."

"हाव. मूळ कागदावरून उतरलेलं."

"मूळ कागद?"

सरांनी चहाचा कप बाजूला सारला.

"सर, तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार. माझ्या मनात काडीची शंका नाही. पण उद्या समोरचा कोर्टात गेला तर मी काय दाखवू? मुंबई-हैदराबादच्या दप्तरखान्यांत विचारतो मी, एखादी प्रत असेल तर..." प्रत नव्हती, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी सगळीकडं पूर्वीच शोधलं होतं.

बाहेर आल्यावर मी तावातावानं म्हणालो, "कुलगुरूच्या शब्दाला काही किंमतच नाही का?" सर म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. माझा विद्यार्थी असं कार्ड घेऊन आला असता तर मी बी हेच म्हणालो असतो." गुरुजींनी त्यांचा हात धरला. "जाऊ द्या, सर. टँकर येतोय की." सर त्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून तहसीलच्या आवारात तसेच उभे राहिले, आणि विद्यापीठाचा धनी म्हणवणारा तो माणूस मला इतका केविलवाणा दिसला की मी गाडीत जाऊन बसलो. ती बारव आजही बुजलेलीच आहे. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि गावही तिचं नाव काढेनासं झालं.

त्यानंतर सरांनी प्रत्येक फाईल पुन्हा बसून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक यादीची घडी स्वतः उलगडायचे आणि सहीच्या वर बारीक अक्षरात लिहायचे, 'वाचले'. पुन्हा डोंगर साचले. लोक म्हणायला लागले, म्हातारा कामातून गेला. मुदत संपली तेव्हा निरोप समारंभही घाईघाईत उरकला. मला त्यांनी कधी दोष दिला नाही, कधी विचारलंही नाही. 'तू वाचलंस न्हवं' हे मात्र त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि ते न म्हणणं मला शिवीपेक्षा जास्त लागायचं. कितीदा ठरवलं की सांगून टाकावं. पण ज्याचं वाटोळं आपल्या हातून झालं त्याच्यापुढं ते बोलायला जी छाती लागते, ती माझ्याकडं नव्हती.

निवृत्तीनंतर ते लातूरला राहिले. गेल्या वर्षी तिथल्याच एका दवाखान्यात त्यांचं मोठं ऑपरेशन ठरलं. त्यातून ते उठले नाहीत. त्यामुळं आमचं शेवटचं बोलणं ते त्या सकाळचं. मुलगी सोलापूरहून यायची होती, रस्त्यात होती. नर्स एक छापील कागद घेऊन आली आणि मला म्हणाली, "इथं आणि इथं सही करा काका, लवकर, डॉक्टर थांबलेत." मी पेन काढला.

"काय हाय ते, देगलूर?" सरांनी खाटेवरून विचारलं.

"संमतीचा कागद, सर. ऑपरेशनचा."

"तू वाचलंस न्हवं?"

इतक्या वर्षांनी ते शब्द. 'हाव सर' माझ्या ओठांवर आलंच होतं, जिभेला वळणच ते. पण निघालं ते दुसरंच.

"न्हाई, सर." मग मला थांबता येईना. "तवा बी वाचलं नव्हतं. यादी उघडलीच नव्हती मी."

सर छताकडं बघत होते. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "त्या यादीची घडी कोरी व्हती. एकदा उलगडलेल्या कागदाची घडी मऊ पडती. ती पैल्यांदा मीच मोडली."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"काय बोलायचं? सही माझी व्हती." त्यांनी हळूच हात उचलून खाटेशेजारची फरशी दाखवली. "बस खाली."

नर्स घड्याळाकडं बघायला लागली. मी चपला काढल्या, फरशीवर मांडी घातली, आणि तो कागद पहिल्या ओळीपासून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो.